बॉल मिलचे कार्बन स्टील गोळे: घेण्याआधी एक कापून पाहा

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यातल्या कारखान्यांत बॉल मिलसाठी, म्हणजे आत गोळे घालून माल दळणाऱ्या फिरत्या पिंपासाठी, जे कार्बन स्टीलचे गोळे येतात, त्यांच्या मुळात दोन जाती आहेत आणि बिलावर बहुधा दोन्हींचं नाव एकच असतं. एक लो कार्बन. यात कार्बन 0.10 ते 0.15 टक्के आणि वरून केस हार्डनिंग, म्हणजे फक्त बाहेरचा थर कडक केलेला. दुसरी हाय कार्बन, 0.65 ते 0.85 टक्क्यांची, आतपर्यंत कडक केलेली. पृष्ठभागावर दोन्ही 60 एचआरसीच्या (कडकपणाचं रॉकवेल सी माप) आसपास भरतात. कानस दोन्हींवरून सारखीच घसरते. त्यामुळे दुकानात कानस मारून माल पसंत करणं म्हणजे निम्मी फसगत तिथेच.

फरक कळतो तो गोळा झिजायला लागल्यावर. 25 मिमीच्या गोळ्याला 1 मिमी कडक थर आहे असं धरा. तेवढा थर झिजून गेला की व्यास 23 उरतो आणि वजन सुमारे 22 टक्के घटलेलं असतं. बाकीचे 78 टक्के मऊ लोखंड. तिथून पुढे झीज झपाट्याने वाढते, गोळे चपटे, कोनेदार होतात आणि जाळीत अडकून बसतात. वजनाने विकत घेतलेल्या मालाचा जेमतेम पाचवा हिस्सा कामाचा, म्हणून किलोमागे स्वस्त दिसणारा लो कार्बन गोळा सतत चालणाऱ्या मिलला महागच पडतो. हलक्या, अधूनमधून चालणाऱ्या लहान मिलला तो पुरतो. त्यापलीकडे आमची शिफारस हाय कार्बनचीच.

तीही डोळे मिटून नाही. साध्या हाय कार्बन स्टीलमध्ये कडकपणा फार खोल जात नाही. मोठ्या मापाचे गोळे घेणार असाल तर थोडं मँगनीज आणि क्रोम असलेलंच मटेरियल मागा, नाहीतर इथेही कडक कवच आणि मऊ गाभा असाच माल हाती येतो.

म्हणून गोळा कापायचा. कटिंग व्हीलवर भरपूर कूलंट सोडून, सावकाश. कोरडा कापला तर उष्णतेने कडकपणा उतरतो आणि रीडिंग खोटं येतं. कापलेला भाग 120 पासून 600 नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत घासा, हातमोजे घालून त्यावर नायटल, म्हणजे अल्कोहोलमधलं सौम्य नायट्रिक अ‍ॅसिड, फिरवा. केस हार्डनिंग असेल तर कडेला गडद कडं उमटतं आणि आतलं वर्तुळ फिकं राहतं. मग कड, अर्धी त्रिज्या आणि मध्य अशा तीन जागी कडकपणा मोजा. मध्यभागी पाच-सात अंकांचा उतार चालेल. वीस अंकांचा दिसला तर माल परत पाठवा.

जातीइतकंच माप महत्त्वाचं. 50 मिमीचा गोळा साधारण 510 ग्रॅमचा, 25 मिमीचा 64 ग्रॅमचा. पहिला खडा फोडतो, दुसरा बारीक दळतो. यादवाड-लोकापूर भागातला चुनखडक 6 मिमीपर्यंत फोडून मिलमध्ये जात असेल तर सर्वांत मोठा गोळा 50 चा पुरे. सुरुवातीला वजनाने 50, 40 आणि 25 मिमीचे 30:40:30 भरा. पुढे भर टाकताना फक्त 50 चे टाका, लहान मापं झिजून आपोआप तयार होतात.

आतून 1.2 मीटर व्यास आणि 1.5 मीटर लांबीची मिल 35 टक्के भरायला सुमारे 2.7 टन गोळे लागतात. तिचा क्रिटिकल स्पीड, म्हणजे ज्या वेगाला गोळे खाली न पडता भिंतीला चिकटून फिरतात तो, जवळपास 39 आरपीएम येतो, चालवायची 27-28 ला. भरणा तपासायला गोळे आत ठेवून फक्त माल काढा, वीज तोडून आणि कुलूप लावून, वरच्या लायनरपासून (मिलच्या आतल्या अस्तरापासून) गोळ्यांच्या थरापर्यंतचं अंतर टेपने मोजा. 74 सेंटीमीटर म्हणजे 35 टक्के, 80 झालं म्हणजे 29 वर आलात. मालाशिवाय मिल फिरवू नका. गोळ्यावर गोळा आदळून टवके उडतात आणि लायनरही जातो.

ओल्या दळणात कार्बन स्टील झिजतं आणि गंजतंही. आम्लधर्मी पाणी असेल तर हा गोळा घेऊच नका. झिजलेलं लोखंड मालात उतरतं हेही ध्यानात ठेवा. कोळसा भुकटी, स्लॅग, रेड ऑक्साइड यांना त्याने फरक पडत नाही. खानापूरकडच्या कुंभारकामाच्या मातीत चालून जाईल, पण पांढऱ्या ग्लेझला (भांड्यावरच्या चकचकीत लेपाला) किंवा क्वार्ट्झला नाही, तिथे भाजल्यावर काळे-तपकिरी ठिपके येतात. त्या कामाला अ‍ॅल्युमिनाचे, म्हणजे सिरॅमिकचे, गोळे. त्यांची घनता 3.6 च्या आसपास, स्टीलची 7.8, म्हणून वेळ जास्त लागणार हे धरून चला.

साठवणीत आपल्याकडे हमखास चूक होते. मिरग लागला की पोती उघड्या शेडमध्ये, थेट जमिनीवर पडून राहतात आणि गंज धरतो. लाकडी पॅलेटवर, तेलाचा हात फिरवून, ताडपत्रीखाली ठेवा. गंजलेच तर टाकाऊ वाळूबरोबर तासभर फिरवून ती वाळू फेकून द्या.

ऑर्डर देताना कार्बन, मँगनीज, क्रोमचे टक्के, तिन्ही जागांचा कडकपणा आणि मापातली सूट लिहून घ्या. प्रत्येक लॉटमधले दोन गोळे कापून पाहण्याचा हक्कही त्याच कागदावर असू द्या.