वायरलेस हेडसेट : दिवाळी ते पावसाळा वापरून झाल्यावर

दिवाळीच्या सेलमध्ये घेतला, आता पावसाळा लागला. रात्री जेवणं उरकली की व्हॅलोरंट (पाच-पाच जणांच्या दोन टीमचा ऑनलाइन शूटिंग गेम), दिवसा ऑफिसचे कॉल, रविवारी पिक्चर, सगळं ह्याच्यावरच. कानाच्या गाद्या शाबूत, बॅटरीची कटकट नाही. कंपनीचं नाव घेत नाही कारण खालचा लोचा साध्या ब्लूटूथवरच्या बहुतेक हेडसेटमध्ये होतोच.

तर गाणी लावली की आवाज एक नंबर, पण गेममध्ये व्हॉइस चॅट चालू झालं रे झालं की तोच आवाज जुन्या लँडलाइनवर बोलल्यासारखा. साध्या ब्लूटूथला चांगला स्टिरिओ आणि माइक एकदम झेपत नाही, माइक उघडला की विंडोज गपचूप हँड्सफ्रीवर (फोन कॉलसाठीचा मोड) जातं, तिथे सगळं मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज, आणि सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, कमी तितका आवाज भसाडा) 16 किलोहर्ट्झ, कधी कधी 8 सुद्धा. ऑफिसच्या कॉलला ठीके हो, पण व्हॅलोरंटमध्ये डावं-उजवं गेलं म्हणजे संपलंच. हेवन ह्या मॅपवर सी साइट (राखायची एक जागा) धरून बसलोय, शत्रूची पावलं वाजतायत, पण लाँगवरून की गॅरेजमधून, दोन वाटांपैकी कुठून, ते काही केल्या कळेना.

"अरे कुठून येतायत, बोल ना!"

"येतायत रे, एवढंच कळतंय!"

अंदाजाने लाँग म्हणायचं, बाकीचे चौघं तिकडे बंदुका रोखणार आणि गँग येणार गॅरेजमधून. सेटिंग एकाचं, राउंड पाचजणांचा गेला, आणि शिव्या कोणाला ते सांगायला नको.

उपाय सोपा, बॉक्समधला 2.4 गिगाहर्ट्झचा डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर) लावा, म्हणजे ब्लूटूथची भानगडच नाही. तो नसेल तर आउटपुट स्टिरिओवालं ठेवून माइक लॅपटॉपचा निवडा, फक्त पुश टू टॉक (बटण दाबलं तरच माइक चालू) करा नाहीतर तुमच्या कीबोर्डची खडखड आणि मागून कुकरची शिट्टी सगळ्या टीमला.

अजून एक, ह्याच्या अ‍ॅपमध्ये 7.1 सराउंड (चहूबाजूंनी आवाज आल्याचा भास) आधीपासूनच ऑन येतं. गेममधलं एचआरटीएफ (आवाज कुठल्या दिशेने आला ते हेडफोनवर कळवणारं सेटिंग) वापरत असाल तर अ‍ॅपमधलं सराउंड बंद करा, दोन्ही एकावर एक चढले की पावलं नुसती घुमतात, वर कोण खाली कोण काही पत्ता लागत नाही. आणि कोणी बोललं की गेमचा आवाज बसत असेल तर विंडोजच्या साउंडमध्ये कम्युनिकेशन्स टॅब बघा, तिथे बाकीचे आवाज 80 टक्के कमी करा असं आधीच टिक केलेलं असतं, ते 'डू नथिंग'वर टाका.

डोंगल नसलेलं मॉडेल थोडं स्वस्त पडतं, गेमसाठी ते घेऊ नका, गाण्यांसाठी खुशाल घ्या. माइकचा फोम मात्र लगेच गळून पडला आणि तो सुटा कुठेच मिळत नाहीये, कोणाला माहीत असेल तर सांगा.