स्टार ट्रेक नेक्स्ट जनरेशनचं टेक्निकल मॅन्युअल: बरेच महिने हाताळल्यावर

आधीच सांगते, अंतराळजहाजावरच्या या अमेरिकन टीव्ही सिरियलवरचं हे पुस्तक असलं तरी हे गोष्टीचं पुस्तक नाहीये. पिकार्ड-रायकर-डेटा या पात्रांचे किस्से, शूटिंगच्या गमती, कलाकारांचे चकचकीत फोटो असलं काही हवं असेल तर याच्या वाटेला जाऊ नका. हे एका जहाजाचं मॅन्युअल आहे. एंटरप्राइज, नोंदणी नंबर एनसीसी-१७०१-डी, गॅलेक्सी क्लास, ४२ डेक, हजारावर माणसं. आणि पूर्ण पुस्तक असं धरून चालतं की हे जहाज खरंच मंगळावरच्या यूटोपिया प्लानिशियाच्या यार्डात बांधलं गेलंय आणि तुम्ही आजच ड्युटीवर रुजू झालाय. कुठेही डोळा मारणं नाही. म्हणजे तसं अगदीच नाही असं नाही, मधेमधे लेखकांच्या छोट्या टिपा येतात, पण त्या वेगळ्या ठेवल्यात, मेन मजकूर मात्र चेहऱ्यावरची रेष हलू न देता बोलत राहतो. मला हे पुस्तक आवडायचं निम्मं कारण हेच.

लेखक रिक स्टर्नबाख आणि मायकल ओकुडा, दोघंही सिरियलच्या टीममधलेच. स्टर्नबाखने त्याआधी कार्ल सेगनच्या कॉसमॉस या टीव्ही सिरियलवर काम केलेलं आणि त्याला एमी हे टीव्हीचं बक्षीस मिळालेलं, आणि ओकुडा म्हणजे जहाजातले ते काळ्या काचेवर नारिंगी-जांभळ्या पट्ट्यांवाले स्क्रीन ज्याच्या डोक्यातून आले तो. पुस्तक आलं १९९१ ला, पण मुळात ही सिरियलच्या लेखकांसाठी केलेली घरातल्या घरातली गाइड होती, की बाबांनो काय वाट्टेल ते लिहा पण जहाजाला काय जमतं आणि काय जमत नाही ते एकदा बघून घ्या. (स्क्रिप्टमध्ये लेखक नुसतं 'टेक' लिहून जागा सोडायचे आणि सल्लागार मंडळी तिथे शब्द भरायची, हे फॅन लोकांना माहीत असेलच.) प्रस्तावना स्टार ट्रेकचे जनक जीन रॉडनबेरींची आहे, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते गेले.

तर "काय जमत नाही" हेच या पुस्तकाचं खरं सोनं आहे. सिरियल बघताना आपल्याला वाटतं की कॅप्टनने बोट केलं की जहाज कुठेही पोचतं. पुस्तक सांगतं की नाही, लिमिट आहे, आणि ते लिमिट आकड्यात देतं.

वॉर्पचंच घ्या, म्हणजे प्रकाशापेक्षा जास्त वेगाने जायची चाल. १९६६ च्या जुन्या सिरियलचा हिशोब सोपा होता, वॉर्पचा जो आकडा असेल त्याचा घन करा, प्रकाशाच्या तितकेपट वेग, आणि जहाज कधीकधी दहाच्या वर पण पळायचं. नव्या सिरियलमध्ये दहा ही शेवटची भिंत ठरली, मग सगळं स्केल नव्याने बसवावं लागलं. त्याचा आलेख दिलाय, नऊपर्यंत शहाण्यासारखा चढतो आणि नऊच्या पुढे सरळ उभा होतो, कारण दहा म्हणजे अनंत वेग. वॉर्प ६ म्हणजे प्रकाशाच्या ३९२ पट, ९ म्हणजे १,५१६ पट, ९.६ म्हणजे १,९०९ पट. रोजची चाल ६, आणि ९.६ ला फक्त १२ तास. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले आणि हिशोब केला तर वॉर्प ६ ला एक प्रकाशवर्ष कापायला साधारण २२ तास लागतात, म्हणजे आपल्या सगळ्यात जवळच्या अल्फा सेंटॉरीला, जे सव्वाचार प्रकाशवर्षांच्या जरासं पुढे आहे, तिथे जायला चार दिवस. ९.६ ने वीस तासात व्हायला पाहिजे. पण मुदत १२ तासांची! तेवढ्यात फार तर अडीच-पावणेतीन प्रकाशवर्षं होतात, म्हणजे शेजारच्या ताऱ्यापर्यंतसुद्धा फुल स्पीडने एका दमात जाता येत नाही. हे कळल्यावर एखाद्या एपिसोडमध्ये "वॉर्प नाइन" अशी ऑर्डर आली की पोटात बारीक कालवतं, इंजिनरूममध्ये चीफ इंजिनिअर जॉर्डीचं आता काय होणार ते दिसायला लागतं.

इम्पल्सचं तर अजून छान आहे. इम्पल्स म्हणजे प्रकाशापेक्षा कमी वेगाची इंजिनं, आणि फुल इम्पल्स म्हणजे प्रकाशाच्या फक्त पाव वेग. का, तर आइनस्टाइन. वॉर्पमध्ये घड्याळाची भानगड नाही असं गृहीत धरलंय पण इम्पल्सला आहे, आणि पाव वेगाला घड्याळ तीन टक्क्यांच्या जरा वर मागे पडतं, महिनाभर तसं उडत राहिलात तर जवळजवळ एक दिवस गायब. स्टारफ्लीटच्या, म्हणजे या ताफ्याच्या, बाकी जहाजांशी तारखा जुळायला नकोत का? म्हणून ती मर्यादा. खरं फिजिक्स इतक्या शांतपणे ऑफिसच्या कारणासाठी वापरलेलं मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही.

आणि जिथे फिजिक्स अडवतं तिथे सरळ दुसरी पेटी बसवून मोकळे. अणूची जागा आणि वेग एकदम नेमके कळू शकत नाहीत, हायझेनबर्गचा नियम, मग ट्रान्सपोर्टरने, म्हणजे माणसाला इथून गायब करून तिथे उभं करणाऱ्या यंत्राने, माणूस कसा पाठवायचा? तर हायझेनबर्ग कॉम्पेन्सेटर! तो कसा चालतो असं विचारल्यावर ओकुडांचं उत्तर फेमस आहे, छान चालतो, थँक यू.

माझा वापर कसा, तर सिरियल परत पहिल्यापासून लावली आणि पुस्तक मांडीवर. थोड्या दिवसांनी पॉज करायची सवयच लागते. घरात बाकीच्यांना हे भयंकर वाटतं. डार्मोक नावाच्या एपिसोडमध्ये फेझर या किरणांच्या शस्त्राचा किरण बशीखालच्या (बशी म्हणजे जहाजाचा पुढचा गोल चपटा भाग) टॉर्पेडोच्या नळीतून निघतो, आता फेझरच्या पट्ट्या कुठे आहेत आणि टॉर्पेडो लाँचर कुठे हे पुस्तकात चित्रासकट दिलंय, त्यामुळे ते एकदा दिसलं की दिसलंच. पहिल्याच एपिसोडमध्ये वेस्ली हा जहाजावरचा पोरगा होलोडेकच्या, म्हणजे खोटी दुनिया खरी वाटेल अशी उभी करणाऱ्या खोलीतल्या, ओढ्यात पडतो आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन टपटप गळत उभा राहतो, ते पाणी बाहेर कसं टिकलं? पुस्तकाचं म्हणणं की होलोडेकमधलं सगळंच प्रकाशाचं नसतं, काही वस्तू रेप्लिकेटरने (हवी ती वस्तू तयार करून देणारं यंत्र) खऱ्याच बनवलेल्या असतात. पटलं बुवा. मात्र ट्रान्सपोर्टरच्या बफरमध्ये, म्हणजे पाठवताना माणसाची नोंद तात्पुरती साठते तिथे, माणसाचा पॅटर्न ४२० सेकंद, म्हणजे सात मिनिटं टिकतो असं पुस्तक सांगतं आणि पुढच्याच वर्षी, १९९२ ला, रेलिक्स या एपिसोडमध्ये जुन्या सिरियलमधला इंजिनिअर स्कॉटी बफरमधून ७५ वर्षांनी ठणठणीत बाहेर येतो! स्कॉटीने जुगाड केलेलं दाखवलंय म्हणा, आणि स्कॉटीला माफ आहे सगळं.

आता नावडलेलं. एकच जहाज आहे. शटल वगैरे आहेत पण क्लिंगॉन, रोम्युलन या परग्रहवासीयांच्या जहाजांची आतली माहिती मिळेल या आशेने घेणार असाल तर नका घेऊ. चित्रं म्हणजे रेषांची ड्रॉइंग, रंगीत काही नाही, आणि काही ड्रॉइंगवरची अक्षरं इतकी बारीक आहेत की मी फोनचा कॅमेरा झूम करून वाचते. पाणी, हवा, कचरा, पॉवरच्या लाइनी यांची प्रकरणं खरं सांगायचं तर नगरपालिकेच्या टेंडरसारखी वाचावी लागतात, तिथे मी दोनदा झोपलेय. आणि १९९१ ला पुस्तक थांबलं, सिरियल १९९४ पर्यंत चालली, शेवटच्या एपिसोडमध्ये भविष्यातलं जहाज वॉर्प १३ ला जातं, म्हणजे ती दहाची भिंत गेली कुठे? पुढच्या सिरियलींचं तर यात काहीच नाही, ते अपेक्षितही नाही.

पण एक जागा अशी आहे की तेवढ्यासाठी मी हे पुस्तक कुणाला देणार नाही. बशी जहाजापासून वेगळी होते हे सगळ्यांना माहितीये, सिरियलमध्ये ती तीनच वेळा झाली. पुस्तकात त्याच्या पुढचं दिलंय, की अगदीच वेळ आली तर ही बशी ग्रहावर उतरवायची कशी, वातावरणात शिरताना काय, जमिनीवर घसरताना काय. तेव्हा हे पडद्यावर कुणी दाखवलेलं नव्हतं. १९९४ च्या स्टार ट्रेक जनरेशन्स सिनेमात व्हेरिडियन-३ या ग्रहावर बशी झाडं तोडत जंगलातून घसरत जाते तो सीन ही पानं वाचून मग बघा. मला आधी तो नुसता धडामधुडूम वाटायचा, आता हेल्मवर, म्हणजे जहाज चालवायच्या जागी, बसलेल्या ट्रॉयची कीव येते. जहाज आपटलं म्हणून सगळे तिला नावं ठेवतात, पण त्या बशीला उतरायच्या वेळी फारसा कंट्रोल नसतोच!

घ्यायचं का? सिरियल बघितली नसेल तर अजिबात नको. बघितली असेल आणि "पण हे चालतं कसं" हा किडा डोक्यात असेल तर जुनी कॉपी मिळाली तरी उचला, फक्त बाइंडिंग तपासून घ्या, माझ्या सेकंडहँड कॉपीची मधली पानं सुटत आलीत. आणि पहिल्या पानापासून वाचू नका, सुरुवातीच्या सांगाड्याच्या वर्णनातच दम निघेल. वॉर्पचं प्रकरण आधी, मग ट्रान्सपोर्टर, मग इमर्जन्सीचं, बाकीचं एपिसोड बघता बघता लागेल तसं.