इंदूरची ओल्या कचऱ्याची सेवा: गाडीला काय द्यावे आणि घरी काय ठेवावे

पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना राजवाडा आणि सराफा दाखवून झाला की इंदूरकर हमखास स्वच्छतेचा विषय काढतो. २०१७ पासून देशाच्या सलग सात स्वच्छता सर्वेक्षणांत पहिले आलेल्या शहराला, त्यातले शेवटचे वर्ष सुरतेबरोबर वाटून घ्यावे लागले असले तरी, तेवढे मिरवण्याचा हक्क आहे. हे परीक्षण मात्र त्या क्रमांकाचे नाही. घरचा ओला कचरा नेणारी महापालिकेची सेवा आणि अशा कचऱ्यापासून तयार होणारे खत, या दोन गोष्टी गच्चीवर चार कुंड्या बाळगणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने कशा आहेत, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे. मत आधीच सांगते: सेवा उत्तम आहे, पण घरातला सगळाच ओला कचरा तिच्या स्वाधीन करणे हा तिचा सर्वांत चांगला उपयोग नव्हे.

सेवेचे बाह्य स्वरूप इंदूरकरांना नव्याने सांगण्याची गरज नाही. सकाळी गाणे वाजवत गाडी गल्लीत शिरते आणि बायका-पुरुष आपापले डबे घेऊन फाटकाशी येतात. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक आणि ई-कचरा असे सहा प्रकार वेगळे द्यायचे असतात. नव्याने राहायला आलेल्यांना हे सोवळ्यासारखे वाटते, पण थोड्याच दिवसांत हात आपोआप योग्य डब्याकडे वळतो. गाडीची वेळ सकाळची असल्यामुळे ज्या घरात दोघेही लवकर कामाला निघतात, तेथे शेजारच्या काकूंच्या भरवशावर डबा ठेवावा लागतो. राजेंद्रनगर, लोकमान्यनगर किंवा रामबाग यांसारख्या जुन्या वस्त्यांत ते जमून जाते. मोठ्या इमारतींत कोणाला तरी नेमूनच द्यावे लागते.

गाडी पुढे कचरा हस्तांतरण केंद्रावर जाते. तेथे ओला आणि सुका कचरा वेगवेगळ्या मोठ्या बंद डब्यांत दाबून भरतात आणि ओला कचरा शहराच्या कडेच्या देवगुराडियाला पोचतो. तेथील ट्रेंचिंग ग्राउंडवरचे, म्हणजे कचरा डेपोवरचे, कचऱ्याचे जुने डोंगर २०१८ मध्ये बायो-मायनिंग करून, म्हणजे उकरून आणि चाळून वेगळे करत, हटवण्यात आले, आणि त्याच परिसरात फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘गोबरधन’ बायो-सीएनजी प्रकल्प सुरू झाला. त्याची क्षमता रोज ५५० टन ओला कचरा जिरवण्याची असून त्यातून दिवसाला सुमारे १७,००० किलो सीएनजी आणि १०० टन सेंद्रिय खत मिळावे, असे त्याचे गणित आहे. निदान अर्धा वायू महापालिकेने शहर बससाठी विकत घ्यायचा, असेही ठरलेले आहे. म्हणजे आपल्या घरच्या उरलेल्या आमटी-भाताचा काही अंश शहर बसच्या टाकीत जातो, ही केवळ कविकल्पना नाही.

मूळ मुद्दा येथून सुरू होतो. या प्रकल्पात कचरा चाळून, दळून त्याची पातळ रबडी करतात आणि हवाबंद टाक्यांत जिवाणूंच्या हवाली करतात. जिवाणू त्यातील पिष्ट, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ फोडून वायू बनवतात. त्या वायूतला कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड काढून टाकला की गाडीत भरण्याजोगा मिथेन उरतो. या जिवाणूंना शिळा भात, पोळ्या, आंबलेले वरण, तेलकट भाजी हे सगळे आवडते, किंबहुना तेलातुपामुळे वायू अधिकच मिळतो. त्यांना पेलत नाही ते लाकूडपण. वाळलेली पाने, उसाची चिपाडे, नारळाच्या शेंड्या आणि करवंट्या यांतील लिग्निन, म्हणजे लाकडाला कठीणपणा देणारा घटक, हवेवाचून जवळजवळ फुटतच नाही. अशा वस्तू टाकीत जागा अडवतात आणि यंत्राच्या पात्यांना त्रास देतात. वायू मात्र नावालाच देतात.

घरच्या खतडब्याचे नेमके उलटे आहे. तेथे हवा खेळती असते, त्यामुळे बुरशी आणि इतर जीव कोरडा पाला सावकाश का होईना, पण पचवतात. उलट शिळे अन्न घातले की दुसऱ्या दिवशी वास, तिसऱ्या दिवशी अळ्या आणि आठवड्यात उंदीर, असा अनुभव घराघरांतून ऐकू येतो. त्यामुळे वाटणी सरळ आहे. शिजलेले, खरकटे, तेलकट, नासलेले सर्व गाडीला द्यावे. भाज्यांची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, शेंगांची टरफले आणि अंगणातला पाला घरी ठेवावा. सणावारी पुरणपोळीनंतर उरलेली कटाची आमटी कोणत्याही गृहिणीने खतडब्यात ओतू नये. चोइथराम मंडी या घाऊक बाजारात भाजीपाल्याच्या कचऱ्यासाठी रोज २० टनांचा वायूप्रकल्प जागेवरच उभारला गेला, त्यामागेही हाच विचार दिसतो: कचरा जसा, तशी त्याची सोय, आणि तीही शक्य तितकी जवळ.

आता शुद्धतेविषयी. ओल्या कचऱ्याचे खत कसे होणार, हे देवगुराडियात ठरण्याच्या कितीतरी आधी आपल्या ओट्यावर ठरते. एकदा आमच्या गल्लीत गाडीवरचा मुलगा शेजारचा डबा पालथा करता करता थांबला, हात घालून त्याने दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा चिमटीत उचलला, सुक्याच्या बाजूला टाकला आणि मग उरलेला कचरा ओतला. दुधाची पिशवी तर सगळेच धुऊन सुक्यात टाकतात; पण कात्रीने उडवलेला तो त्रिकोणी तुकडा भाजीच्या सालींबरोबर जातो आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही. केंद्राच्या खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टचा, म्हणजे शहराच्या ओल्या कचऱ्यापासून केलेल्या खताचा, किमान ९० टक्के भाग ४ मिलिमीटरच्या चाळणीतून गेला पाहिजे. पूर्ण कोपरा त्या चाळणीवर अडकेल, पण यंत्रात दळल्यावर त्याचे जे कण होतात ते खुशाल खाली उतरतात. म्हणून पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, तो पिशवीला लटकता ठेवावा. फळांवरचे चिकट स्टिकर, कोथिंबिरीच्या जुडीचे रबर आणि फुटलेल्या बांगडीचा तुकडा यांच्याबाबतही हीच दक्षता हवी.

शहरी कंपोस्ट मी एका रोपवाटिकेतून विकत आणून वापरले. पिशवीवर उत्पादकाचे नाव पुसट होते आणि आत प्लास्टिकचे कण तसेच काचेचा एक तुकडा निघाला. हा माल कोणत्या शहरातल्या कोणत्या प्रकल्पातून आला होता, हे त्या दुकानदारालाही सांगता आले नाही. त्यामुळे त्या एका पिशवीवरून कोणत्याही प्रकल्पाला दोष देणे अन्यायाचे होईल. खरेदीदाराला मात्र एवढे निश्चित सांगता येईल की पिशवी उघडून घ्यावी, मूठभर खत दाबून पाहावे आणि हुंगावे. तयार खताला पहिल्या पावसानंतरच्या जमिनीसारखा वास असतो. आंबूस किंवा अमोनियाचा झणका आला तर ते कच्चे आहे आणि रोपांची मुळे जाळील. गुठळ्या असल्या तरी चालतील, ओलसरपणाही चालेल. पाणी गळत असेल तर मात्र आपण खताच्या भावाने पाणी विकत घेत आहोत.

त्याच्याकडून अपेक्षाही बेताच्या ठेवाव्यात. युरियात ४६ टक्के नत्र असते, तर शहरी कंपोस्टमध्ये ते एक टक्क्याच्या आसपास. चिमूटभर टाकले आणि गुलाब फुलला, असा चमत्कार त्याच्याकडून होणार नाही. त्याचे काम मातीचा पोत सुधारण्याचे आहे, आणि माळव्याच्या काळ्या मातीत ते काम मोलाचे ठरते. ही माती पावसाळ्यात लोण्यासारखी चिकट होते आणि वैशाखात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. कुंडीत एक चतुर्थांश कंपोस्ट मिसळले की तीच माती भुसभुशीत राहते आणि पाणी धरून ठेवते. माझ्या अनुभवात मोगरा आणि कढीपत्ता यांना त्याचा सर्वाधिक लाभ झाला. तुळशीला फारसा फरक पडला नाही, ती तशीही कशातही येते.

घरच्या खतडब्यासाठी महागडी उपकरणे घेण्याचे कारण नाही. नळ लावलेला एक आकर्षक डबा मी एका विक्रेत्याकडून घेतला होता. त्याची तोटी चोथ्याने बुजली आणि आतला रस तळाशी साचून कुजला. त्यापेक्षा खाली आणि बाजूंना भोके पाडलेले जुने पिंप अधिक चांगले. ओल्या सालींवर दर वेळी दुप्पट आकारमानाचा कोरडा पाला पसरावा, आठवड्यातून एकदा खालीवर करावे, आणि सुरुवातीला थोडे आंबट ताक शिंपडावे. गूळ घालण्याची सूचना अनेक जण करतात, पण त्याने मुंग्यांचीच अधिक सोय होते.

सदनिकेत राहणाऱ्यांना, ज्यांच्याकडे ना गच्ची ना पाला, त्यांनी हा खटाटोप करू नये आणि सर्व ओला कचरा निःशंकपणे गाडीला द्यावा. गच्ची असलेल्यांनीही आषाढ-श्रावणात, जेव्हा कोरडा पाला मिळेनासा होतो आणि पिंपात पाणी शिरते, तेव्हा साली गाडीकडे वळवाव्यात आणि पिंप झाकून ठेवावे. पुन्हा सुरुवात करण्यासाठी पितृपक्षाच्या सुमाराचा काळ बरा पडतो. त्या दिवसांत श्राद्धाचे शिजलेले अन्न तेवढे गाडीला जाईल, हे पाहावे.