‘नाणी तुमचीच’ असं सांगून ठेवी घेतात, कागदावर मात्र मालकी कंपनीची

सेल्सियस ही क्रिप्टोच्या, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल नाण्यांच्या, ठेवी घेणारी अमेरिकी कंपनी होती. बँकेपेक्षा आम्ही सुरक्षित असा प्रचार आणि वर 17 टक्क्यांपर्यंत व्याजाचं गाजर. 12 जून 2022 रोजी तिने पैसे काढणं बंद केलं आणि 13 जुलैला दिवाळखोरीचा अर्ज केला. व्याज देणाऱ्या ‘अर्न’ खात्यांतल्या असंख्य लोकांचा समज एकच होता, की नाणी आपली आहेत, कंपनी फक्त सांभाळते आहे.

न्यूयॉर्कच्या न्यायालयात हा समज टिकला नाही. 4 जानेवारी 2023 च्या निकालात न्यायाधीश मार्टिन ग्लेन यांनी अटी-शर्ती वाचल्या. त्यात खातेदार नाण्यांवरचे सगळे हक्क आणि मालकी कंपनीला देतो, असं स्वच्छ लिहिलं होतं. कंपनी ती नाणी गहाण टाकू शकते, उसनी देऊ शकते, विकू शकते, हेही होतं. सुमारे 6 लाख खाती आणि 4.2 अब्ज डॉलरची मालमत्ता त्यामुळे कंपनीची ठरली. खातेदार बिनतारणी धनकोंच्या, म्हणजे हाती कसलंच तारण नसलेल्या येणेकऱ्यांच्या, रांगेत. त्यातही दाव्याची किंमत धरली गेली अर्जाच्या दिवसाच्या पडेल भावाने, त्यामुळे पुढे बिटकॉइन चढला तरी दावा फुगला नाही. त्याच कंपनीच्या ‘कस्टडी’ (नुसती सांभाळून ठेवण्याच्या) खात्यांच्या अटींत मालकी ग्राहकाकडेच ठेवली होती, त्यामुळे त्यातल्या काहींना नाणी परत मिळण्याचा आदेश आधीच झाला होता. एकच ॲप, दोन खाती, आणि सगळा फरक एका कलमाचा.

दिवाळखोर माणूस किंवा कंपनी जी वस्तू दुसऱ्यासाठी विश्वस्त म्हणून धरून असते, ती धनकोंत वाटली जात नाही. इंग्लंड, अमेरिका, भारत, सगळीकडे मूळ तत्त्व हेच. पण ‘ट्रस्ट’ हा शब्द छापला म्हणजे विश्वस्तपद आलं असं नव्हे, आणि शब्द नसला म्हणून ते नाहीच असंही नव्हे. न्यायालय हेतू आणि व्यवहार बघतं. पैसे वेगळ्या खात्यात आहेत का? कंपनीला ते स्वतःच्या धंद्यात वापरायची मुभा आहे का? मुभा असेल तर तुम्ही बहुतेक वेळा फक्त उधार देणारे. व्याज कुठून येणार, हा प्रश्न इथेच विचारायचा. नुसतं सांभाळून ठेवलेल्या वस्तूवर कुणी 17 टक्के देत नाही.

विश्वस्तपद सिद्ध झालं तरी पैसा सापडावा लागतो, आणि खरी गोची इथे होते. समजा तुमचे 10 लाख कंपनीच्या चालू खात्यात मिसळले. मध्ये शिल्लक 40 हजारांवर आली, मग दुसऱ्यांच्या भरण्याने 15 लाख झाली. सर्वसाधारण नियमाने तुमचा हक्क त्या 40 हजारांपुरताच. उरलेल्या रकमेसाठी रांग आहेच.

आधी पैसे काढून सुटलो, असंही समजू नका. सेल्सियसच्या अर्जापूर्वीच्या 90 दिवसांत 1 लाख डॉलरहून अधिक काढणाऱ्यांवर रक्कम परत मागणारे दावे लागले.

पैसे भरण्याआधी अटींत ‘मालकी’, ‘हस्तांतर’, ‘गहाण’ आणि ‘मिसळणे’ या अर्थाची वाक्यं शोधा. वेगळं खातं असल्याचा दावा असेल तर खात्याचं नाव आणि बँकेचं लेखी पत्र मागा. अटी बदलल्याचा मेल आला की जुनी आणि नवी, दोन्ही प्रती तारखेसह जपा. कोणत्या तारखेला कोणत्या मजकुराला होकार दिला, यावरच दावा उभा राहतो किंवा पडतो.