खाडीच्या पाण्यासाठी फायबरचा पाइप: एकेक गुंडाळलेला की अखंड?

खारं पाणी आणायचं म्हणजे लोखंड नको, इथवर तुमचं ठरलेलं असेलच. राजापूर तालुक्यात खाडीकाठी कोळंबीचे तलाव करताना पहिली लाइन मी एकेक करून मँड्रेलवर, म्हणजे गोल फिरत्या साच्यावर, तिरक्या धाग्याने गुंडाळलेल्या पाइपांची टाकली, दुसरी अखंड वाइंडिंगच्या, म्हणजे न थांबता सलग गुंडाळत नेलेल्या पाइपांची. दोन्ही 350 मिमी, दोन्ही एसएन 5000, म्हणजे ताठपणाचा वर्ग एकच.

कागदावर फरक दिसत नाही. पण या पाइपात माल आधी आणि वस्तू नंतर, असं नसतं. काचेचा धागा, रेझिन (धागे बांधून घट्ट होणारा चिकट द्रव) आणि पाइप एकदमच घडतात. धाग्याचा ताण कमीजास्त झाला, धागा बुडवायच्या टाकीतलं रेझिन दुपारपर्यंत दाटलं, की ते भिंतीत उतरतंच.

तिरक्या धाग्याच्या पाइपाचं एक मोठं बळ आहे. धागा साधारण 55 अंशांत बसतो, त्यामुळे तो आतला दाब आणि लांबीतली ओढ दोन्ही झेलतो. लाइन खांबांवरून उघड्यावर न्यायची असेल तर मीही हाच घेईन.

माझी लाइन मात्र जमिनीखालची होती, आणि जांभ्यातला चर सरळ जात नाही. पाइप मध्येच कापावा लागतो. तिरक्या धाग्याच्या पाइपाचा आतला व्यास मँड्रेलमुळे नेमका असतो; बाहेरचा, भिंत जशी जमेल तसा. कारखान्यात फक्त टोकं कपलिंगच्या, म्हणजे दोन पाइप जोडणाऱ्या कड्याच्या, मापाला घासून दिलेली असतात. कापलेल्या तोंडाला कॅलिपर लावला, तर एका अंगाला पावणेसात मिमी, समोर सहा. ओहोटी संपत आलेली, कपलिंगचं रबर अर्ध्यावर अडकलेलं, आणि आम्ही दोघं ग्राइंडरने पाइप घासतोय. घासलं की धागे उघडे पडतात, मग त्यांवर पुन्हा रेझिन लावा, ते सुकेपर्यंत थांबा. असं सात ठिकाणी झालं. शिवाय ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो: भिंत 10 टक्के पातळ, तर ताठपणा जवळजवळ 27 टक्के कमी. खाली जांभ्याचा खडा टोचत असताना हा हिशेब झोप उडवतो.

अखंड पाइपात गोल फिरणारा धागा, तुकडे केलेला धागा आणि मधल्या थरात वाळू सरकत्या मँड्रेलवर एका लयीत पडत जातात. दुसऱ्या लाइनीत नऊ ठिकाणी कापलं, कपलिंग नऊही ठिकाणी हातासरशी बसलं. कदाचित मला चांगला लॉट मिळाला असेल. म्हणून कापायचे पाइप पूर्ण लांबीत बाहेरून मापात हवेत, हे ऑर्डरमध्ये लिहून घ्या. लांबीतली ताकद यात तुकड्यांच्या धाग्यावर असते, तेव्हा 12 मीटरचा पाइप मध्ये एकाच दोरीने उचलू देऊ नका, दोन पट्टे लावा.

आणि कापून उरलेलं कडं टाकू नका. तुकडा वजन करून भट्टीत जाळून घ्या. रेझिन जळतं, काच आणि वाळू उरते. दोन-तीन पाइपांचे तुकडे असे ताडून पाहिले की लॉट एकसारखा आहे का, ते कळतं.

तिसरी लाइन दिवाळीनंतर टाकायची आहे. तिची ऑर्डर मी अखंड पाइपांचीच दिली आहे.