घरचं एचडी शूटिंग कशावर जपायचं: डीव्हीडी, ब्लू-रे की एम-डिस्क?

लग्न असो, बारसं असो की गड्डा यात्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक, सोलापुरात शूटिंग आता फुल एचडीतच होतं. पण शूटिंगवाल्याकडून घरी साधी डीव्हीडी आली, तर नुकसान तिथेच होतं. डीव्हीडी-व्हिडिओचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, फुल एचडीचं १९२० बाय १०८०. म्हणजे पाचातले चार ठिपके गेले. अक्षता सोहळ्याच्या गर्दीत मागे उभे असलेले आजोबा ओळखू येतात की नाही, ते यावर ठरतं. मूळ फाइल पुसली गेली, की गेलेले ठिपके परत येत नाहीत.

मूळ फाइल आहे तशी डीव्हीडीवर भरता येते, पण ४.७ जीबीत १७ एमबीपीएसचं (सेकंदाला १७ मेगाबिट) शूटिंग जेमतेम ३५ मिनिटं मावतं. तीन तासांच्या लग्नाला पाच-सहा डिस्क लागतील, आणि साधा डीव्हीडी प्लेअर त्या फाइली दाखवणार नाही.

तेच तीन तास २५ जीबीच्या एका ब्लू-रेवर बसतात. डीव्हीडीचा लाल लेझर ६५० नॅनोमीटरचा, ब्लू-रेचा निळा-जांभळा ४०५चा. किरण बारीक, म्हणून नोंदीही दाट. दुहेरी थराच्या डिस्कमध्ये ५० जीबी.

आपल्याकडे खरा प्रश्न उन्हाळ्याचा आहे. लिहिता येणाऱ्या साध्या डीव्हीडीत सेंद्रिय रंगाचा थर असतो. उष्णता आणि उजेडाने तो खराब होतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा पत्र्याखालच्या माळ्यावर लग्नाची डीव्हीडी ठेवूच नका. नेहमीच्या बीडी-आरमधला (लिहिता येणाऱ्या ब्लू-रेमधला) थर असेंद्रिय असतो, तो जास्त टिकाऊ. फक्त खोक्यावर ‘एलटीएच’ लिहिलं असेल तर घेऊ नका, त्यात पुन्हा सेंद्रिय रंगच असतो.

एम-डिस्क म्हणजे जास्त काळ टिकावी म्हणून बनवलेली डिस्क, डीव्हीडी आणि ब्लू-रे अशा दोन्ही प्रकारांतली. तिचा थरही असेंद्रिय. हजार वर्षं टिकते हा बनवणाऱ्यांचा दावा; त्या आकड्यासाठी मी पैसे मोजणार नाही. डीव्हीडीच हवी असेल तर मात्र एम-डिस्क जरूर घ्या. ती साध्या प्लेअरवर चालते, लिहायला तेवढा तिला चालणारा रायटर लागतो. ब्लू-रेमध्ये चांगल्या बीडी-आरच्या तुलनेत तिचा फायदा कमी, म्हणून तिथे जास्तीचे पैसे नकोत.

एचडी डीव्हीडीचा, म्हणजे ब्लू-रेच्या जुन्या प्रतिस्पर्धी डिस्कचा, विचारच करू नका. तोशिबाने २००८ मध्ये ती सोडून दिली.

माझं मत स्पष्ट आहे: मूळ फाइली २५ जीबीच्या बीडी-आरवर, दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत. पाहुण्यांना वाटायला डीव्हीडी चालेल. सोनीने लिहिता येणाऱ्या ब्लू-रेचं उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवलं, तेव्हा रायटर आणि डिस्क घ्यायच्या तर आत्ताच घ्या. आणि शूटिंग ठरवतानाच सांगा, की एडिट केलेल्या डीव्हीडीबरोबर कॅमेऱ्यातल्या फाइलीही हव्यात.