एकाच चित्रात अनेक काळ: गुलाममोहम्मद शेख यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन

दिल्लीत साकेतच्या किरण नाडर कला संग्रहालयात २०२५ मध्ये चित्रकार गुलाममोहम्मद शेख यांच्या सहा दशकांच्या कामाचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले होते. प्रवेश विनामूल्य होता. तासाभरात पाहून होईल असे समजून मी आत गेलो आणि अख्खी दुपार तिथेच गेली.

शेख यांचा जन्म १९३७ चा, सौराष्ट्रातील सुरेंद्रनगरचा. चित्रकलेचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, ना. श्री. बेंद्रे आणि के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्या गुरूंकडे झाले. पुढे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकत असताना तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील भारतीय लघुचित्रांशी त्यांची नव्याने ओळख झाली. आपल्याच घरची वस्तू परक्या शहरात काचेआड भेटावी, हा अनुभव त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाच्या मुळाशी आहे असे मला वाटते.

‘रिटर्निंग होम आफ्टर लाँग अॅबसेन्स’ (१९६९–७३) हे चित्र याचा पुरावा आहे. वर फारसी चित्रपरंपरेतून उतरलेले देवदूत आहेत, मध्ये दाटीवाटीची घरे आणि मशीद आहे, आणि अगदी खाली, आपल्या समोर, चित्रकाराची आई आहे. बाकीचे सगळे लघुचित्राच्या रीतीने सपाट मांडलेले असताना आईचा चेहरा मात्र छायाचित्रासारखा खरा वाटतो. शतकांपूर्वीचा काळ आणि कालपरवाचा काळ इथे शेजारघरांसारखे नांदतात. थर म्हटले की एकावर एक चढवलेले रंग आपल्या डोळ्यांसमोर येतात. शेख यांचे थर बहुधा शेजारी शेजारी असतात आणि त्यामुळे नजरेला एका ठिकाणी ठरता येत नाही, तिला गल्लीबोळांतून हिंडावे लागते.

याच विचाराचे सर्वात समृद्ध रूप म्हणजे ‘कावड’. आपल्याकडे कावड म्हटले की शिखर शिंगणापूरची, खांद्यावरून चढवली जाणारी कावड आठवते. राजस्थानातील कावड म्हणजे घडीच्या दारांचे रंगवलेले लाकडी फिरते देवघर, ज्याचे एकेक दार उघडत कथेकरी गोष्ट सांगत जातो. चित्रे दाखवत गोष्ट सांगणाऱ्या आपल्या पिंगुळीच्या चित्रकथीशी तिचे नाते सहज जुळेल. शेख यांनी २००८ मध्ये ही कावड माणसाला आत शिरता येईल एवढी मोठी केली. मी तिच्यापाशी पाऊण तास होतो. दोन पावले डावीकडे सरकले की एका दाराची कड मघाचे चित्र झाकते आणि तिच्यामागून दुसरे डोकावू लागते. परत उजवीकडे आलो तर पहिले चित्र आता वेगळेच वाटते, कारण मधले काहीतरी पाहून झालेले असते. आठवणही अशीच चालते, आणि हे शब्दांत समजावण्याऐवजी पाहणाऱ्याला पायांनी चालून अनुभवायला लावणे हे मला या कामाचे मोठे यश वाटते.

‘मॅपामुंडी’ मालिकेला जर्मनीतील एब्स्टॉर्फच्या मध्ययुगीन जगनकाशाचा आधार आहे. मूळ नकाशा दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यात नष्ट झाला आणि आज त्याच्या प्रतिकृतीच उरल्या आहेत. त्या वर्तुळात शेख कबीर, मजनू आणि पक्ष्यांशी बोलणारे संत फ्रान्सिस यांना जागा देतात. कल्पना अत्यंत उदार आहे, तरी डिजिटल कोलाजच्या रूपातील काही कामे मला तितकी भिडली नाहीत. हाताने रंगवलेल्या पृष्ठभागात जो सावकाशपणा मुरलेला असतो, तो तिथे कमी जाणवला.

‘कारवाँ’ या प्रचंड चित्रातील कवी, संत आणि चित्रकारांनी भरलेली नाव मात्र विसरता येत नाही. तिच्यासमोर बराच वेळ ओळखीचे चेहरे शोधत उभा राहिलो. निघण्यापूर्वी मी पुन्हा आईच्या चित्राकडे गेलो आणि या वेळी देवदूत आधी न पाहता खालून वर पाहत गेलो.